तळहातावरची डाळ

सगुणा डोर्लेकरला माणसं फारशी आवडत नसत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं चौदा वर्षं पोरांसाठी खिचडी शिजवली, पण एकाही पोराच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. ताट रिकामं झालं की तिला बरं वाटे. ताटात काही उरलं की आपला अपमान झाला असं ती धरून चाले आणि त्या पोराकडे अशी बघे की उरलेलं घाईघाईनं पोटात जाई. शाळेचा पट सातावर आला, शाळा बंद झाली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सगुणा घरी बसली. नवरा लोट्याला कंपनीत पाळ्या करणारा, रविवारी येऊन झोपणारा. घरात भांडायलाही कोणी नव्हतं.

म्हणून तुरुंगातलं काम चालून आलं तेव्हा तिनं विचार करायला वेळ मागितला नाही.

पालीच्या रस्त्याला सड्याच्या उघड्या माळावर कातळ फोडून बांधलेला हा तुरुंग लहानसा. दीडशेच्या आसपास कैदी. तिथे तीन महिन्यांचा प्रयोग ठरला होता. पैसे तेवढेच, शिधाही जवळपास तोच, पण शिजवायचं नीट. कैद्यांचं रक्त, वजन आणि भांडणं, तिन्ही मोजायची. आकडे सुधारले तर सगुणाला कायम करायचं, नाही सुधारले तर तिनं घरी जायचं. कागदावरचं सगळं पुण्याहून आलेल्या वेदिका नावाच्या आहारतज्ज्ञ मुलीनं आखलं होतं. ती पंधरा दिवसांतून एकदा यायची, सगुणाला काकू म्हणायची आणि तुरुंगाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

वाडीतल्या बायका विहिरीवर सगुणाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत.

"आमची पोरं अर्ध्या पोटी नि चोरांना सुकट."

"खून कर म्हणावं घोवाला, दोन वेळचं नीट मिळेल."

सगुणा कळशी उचलून निघून जाई. तिचं मत त्यांच्याहून फार वेगळं होतं असं नाही. चोर तो चोरच. पण तिच्या हातचं अन्न कच्चं किंवा पाणचट जाणं तिला चालणार नव्हतं, मग ते चोराच्या ताटात का जाईना.

पहिल्याच दिवशी तिनं बघितलं, भात मोठ्या टोपात भरपूर पाण्यात शिजवायचे आणि वरची सगळी पेज ओतून काढायचे. खाली उरायचा तो मोकळा, पांढरा, बेचव चोथा.

"पेज कुठं जाते?" तिनं विचारलं.

"गटारात," राजाभाऊ हवालदार म्हणाले. स्वयंपाकघरावर देखरेख त्यांची.

कांदा चिरणारा एक कैदी खाली मान घालून म्हणाला, "त्या गटाराला चार सड आहेत, काकी."

राजाभाऊंची म्हैस तुरुंगामागच्या चाळीत बांधलेली असे. दुसऱ्या दिवसापासून सगुणानं पेज काढणं बंद केलं. बेतानं पाणी घालून भात मुरवायला लागली. शिवाय सकाळी सात वाजता, नुसत्या चहाच्या जागी, नाचणीची आंबील सुरू केली. मोठे साहेब देवदत्त यांनी तिला भांडणांची वही दाखवली होती. मारामाऱ्या बहुतेक दहा ते अकराच्या मधल्या.

"यात नवल काय?" सगुणा म्हणाली. "शाळेत पण घरून न खाता आलेली पोरंच तिसऱ्या तासाला एकमेकांची बखोटी धरायची."

देवदत्तसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, ही पोरं नाहीत."

"पोट तेच असतं, साहेब."

शेवग्याचा पाला कंपाउंडातच होता, कोणी तोडत नव्हतं. तो डाळीत पडायला लागला. बुधवारी आणि शनिवारी भाजलेली सुकट, दुपारी आमसुलाचं पाणी. तीन आठवड्यांत दहा ते अकरामधली भांडणं निम्म्यावर आली. राजाभाऊंची म्हैस आटली. ते सगुणाशी बोलायचे बंद झाले.

आणि या तीन आठवड्यांत सगुणा रोज एका माणसाला जेवताना बघत होती, हे तिनं तुरुंगात कुणाला सांगितलं नव्हतं.

तो बाबल्या. जयगडच्या खाडीकाठचा, सगुणाच्या माहेरच्या वाडीतलाच. दोन वर्षांपूर्वी जेटीवर होडी बांधायच्या जागेवरून त्याचं आणि सगुणाचा धाकटा भाऊ रघू याचं वाजलं. बाबल्यानं वल्हं उचललं. रघूचा डावा डोळा गेला. तेव्हापासून रघू समुद्रावर जात नाही. अंतराचा अंदाज येत नाही, दोनदा होडीवरून पडला. बाबल्याला तीन वर्षं सक्तमजुरी झाली.

कोर्टानं तीन वर्षं दिली, वाडीनं तिचं स्वतःचं काय ते केलं. त्या वाडीत दोन घरांचं असं बिनसलं की ग्रामदेवीच्या देवळात नारळ ठेवतात. घरातलं प्रत्येक माणूस, सासरी गेलेल्या लेकीसुद्धा, त्या नारळाला हात लावतात आणि त्या दिवसापासून दोन घरांचं पाणी तुटतं. एकमेकांच्या हातचं काही खायचं नाही, प्यायचं नाही, सरळ बोलायचंही नाही. ज्या घरचं माणूस जाणूनसवरून समोरच्याच्या हातचं आधी खाईल ते घर नमलं. मग नारळ उचलतात, फोडतात, आणि नमलेल्या घरानं झाल्या गोष्टीबद्दल पुन्हा शब्द काढायचा नाही. सगुणानं त्या नारळाला हात लावला होता. उलट तिनंच बोटं सगळ्यात जास्त वेळ ठेवली होती, असं तिची भावजय सांगते.

सगुणा लग्न होऊन गेली तेव्हा बाबल्या दहा वर्षांचा असेल. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. पिवळा पडलेला, हिरड्या सुजलेल्या, बराकीत सगळ्यात जास्त मारामाऱ्या करणारा. तिनं त्याच्या ताटात इतरांइतकंच वाढलं, ना दाणा कमी ना जास्त, आणि तो चाटूनपुसून खायला लागला तेव्हा दाराआड उभं राहून ती बघत राहिली. असं समाधान तिला आयुष्यात फार वेळा मिळालं नव्हतं.

तिनं रघूला फोन केला. "तो माझ्या हातचं जेवतो. दोन वेळा."

रघू म्हणाला, "त्याला म्हायती हाय?"

"नाय."

"मग नाय धरत. सांग त्याला, आक्का."

"सांगितलं तर खाणार नाय. नाय खाल्लं तर त्याचं रक्त वाढणार नाय. माझी तीन महिन्यांची परीक्षा हाय, रघू. थांब जरा."

"तुझी परीक्षा. नि माझा डोळा?"

"डोळा काय परत येणार हाय?"

हे बोलायला नको होतं, असं तिला फोन ठेवल्यावर वाटलं. पण परत लावला नाही.

पुढच्या गुरुवारी, भेटीच्या दिवशी, रघू जयगडहून एसटीनं आला. आत यायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. तो फाटकाशी राजाभाऊंना भेटला आणि त्यांना म्हणाला, "आतल्या बाबल्याला सांगा, तीन आठवडे तू रघूच्या बहिणीच्या हातचं जेवतोयस. डाळ गोड लागते का विचारा."

राजाभाऊंनी निरोप एक शब्दही न गाळता पोचवला.

बाबल्या ताट पुढ्यात घेऊन बसला होता. तो उठला, मोरीपाशी गेला, घशात बोटं घालून जेवढं निघेल तेवढं काढलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सगुणाकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, "अजाणता खाल्लेलं धरत नाय. आता एक शीत नाय खाणार."

त्यानं खरंच खाल्लं नाही. घरून मनीऑर्डर यायची, त्यावर तुरुंगाच्या कॅन्टीनमधून बिस्किटं आणि शेव. पाचव्या दिवशी बिस्किटाच्या पुड्यावरून त्यानं एकाचं डोकं ॲल्युमिनियमच्या ताटानं फोडलं. सहाव्या दिवशी अंगणात चक्कर येऊन पडला. रक्त तपासलं, ते सात भरलं. वेदिकाच्या तक्त्यात सगळ्यांच्या रेषा वर जात होत्या, एक खाली.

देवदत्तसाहेबांनी सगुणाला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक अन्नत्यागाची नोंद, दुसरा बाबल्याचा अर्ज. स्वयंपाकीण फिर्यादीची सख्खी बहीण असून ती आपल्याला विष घालील, असं त्यात लिहिलं होतं. अक्षर राजाभाऊंचं होतं, ते दोघांनाही कळलं, कुणी बोललं नाही.

"हे नातं आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बाई, उद्या त्याच्या पोटात साधं दुखलं तरी माझी नोकरी जाईल. पंधरा दिवसांनी, सोमवारी, वरून तपासणी येतेय. मी त्यांना काय दाखवू? उद्यापासून तुम्ही येऊ नका."

सगुणा खुर्चीत बसली नव्हती, बसवलीही नव्हती. ती म्हणाली, "तो माझ्या हातचं खाणार नाय ना? मग त्यालाच शिजवू दे. सक्तमजुरी हाय त्याला, काम द्यायचंच असतं. मी लांबून सांगेन. सकाळची आंबील तेवढी मी करीन, ती तो पिणारच नाय; बाकी टोपाला हात लावणार नाय, डावाला लावणार नाय. विष घालायला मी जवळ असायला हवी."

"त्याला येतं शिजवायला?"

"होडीवर पोरगा चढला की पहिली दोन वर्षं जेवणच करतो, साहेब. सगळ्यांचं. ते नाय आलं तर मासेमारीला कोणी नेत नाय."

देवदत्तसाहेबांनी अर्जाची घडी घातली. प्रयोग बंद पडला असता तर त्यांनाही वर खुलासा लिहावा लागला असता. "त्या सोमवारपर्यंत," ते म्हणाले. "एक भांडण झालं तरी तुम्ही घरी. आणि चव राजाभाऊ घेतील, सही तेच करतील."

चवीची वही सगुणानंच शाळेतून तुरुंगात आणली होती. शाळेत नियमच होता, शिजवणारीनं डावातलं थोडं तळहातावर घ्यायचं, चाखायचं, वहीत सही करायची, मगच पोरांना वाढायचं. चौदा वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबल्या चुलीपाशी उभा राहिला. सगुणा दारातल्या पायरीवर. मध्ये स्टुलावर राजाभाऊ, तोंडात तंबाखू.

"भाऊ, त्याला सांगा, डाळ आधी भिजत घालायची."

"भिजत घालायची म्हणतात."

"हवालदार, त्या बाईला सांगा, ऐकू येतंय मला."

"ऐकू येतंय म्हणतो."

"मग त्याला विचारा, ऐकू येतंय तर उभा का?"

राजाभाऊ तंबाखू थुंकायला उठले. "तुम्ही दोघं थेट बोला नाहीतर मला टपाल खात्यात घाला."

थेट कुणी बोललं नाही. बाबल्या पाला देठासकट टाकायचा. सगुणा राजाभाऊंना सांगायची, ढोरांसाठी शिजवतोयस का विचारा. बाबल्या राजाभाऊंना सांगायचा, ढोरांची सवय त्यांच्या माहेरी हाय. एकदा त्यानं मुद्दाम टोप इतका जोरात आपटला की पायरीवर सगुणाच्या साडीवर गरम पाणी उडालं. ती हलली नाही. बराकीतले बाकीचे जेवत होते. बाबल्या पण जेवत होता, कारण शिजवलेलं त्याचं स्वतःचं होतं. पेज टोपातच राहत होती, सुकट आमसुलात पडत होती. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत त्याचे ओठ थोडे माणसांसारखे दिसायला लागले. कुणाशी मारामारी झाली नाही. सगळी भांडणं तो सगुणाशी करत होता, आणि ती वहीत येत नव्हती.

एकच गोष्ट तिला सहन होत नव्हती. राजाभाऊ चव घ्यायचे आणि रोज म्हणायचे, "बरोबर." आळणी असली तरी बरोबर, खारट असली तरी बरोबर. ताटं अर्धी परत यायला लागली. परत आलेलं ताट बघून सगुणाच्या कपाळाची शीर उठायची.

तपासणीचा सोमवार आला. वरचे साहेब साडेदहाला येणार होते. राजाभाऊंना फाटकावर सलामीला बोलावलं. डाळ उकळत होती, ताटं मांडून झाली होती, रांग लागली होती. वेदिका हातात तक्ता घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, चवीच्या वहीत सही राहिलीय. ते आत्ता येतील."

"राजाभाऊ कुठं?"

"गेटवर. प्लीज, पटकन."

बाबल्यानं डाव भरून टोपाच्या काठावर टेकवला. सगुणा पुढे झाली. डावा तळहात खोलगट झाला, उजव्या हातानं डाव कलला, तळहातावर डाळ पडली आणि जिभेवर गेली. या सगळ्यात तिनं काही ठरवलं नव्हतं. चौदा वर्षं जे हात करत होते ते त्यांनी केलं.

"मीठ हवं," ती म्हणाली.

थेट त्याला म्हणाली.

मग तिला कळलं. रांगेतला खाडीपलीकडचा, नारळाची रीत ठाऊक असलेला एक जण तोंडाला हात लावून उभा होता. बाबल्या बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हिशेब होता. तो हळूच म्हणाला, "जाणूनसवरून."

"मीठ टाक," सगुणा म्हणाली आणि वहीत सही केली. सही वाकडी आली.

तपासणी छान झाली. वरच्या साहेबांनी डाळ वाटीतून घेतली, दुसऱ्यांदा मागितली. वेदिकानं रेषा दाखवल्या. बाबल्याची रेषा खालून वर वळली होती. देवदत्तसाहेब जाताना म्हणाले, "बाई, वरचे साहेब तीन महिने थांबत नाहीत, पुढल्या महिन्यापासून तुमची कायमची ऑर्डर निघेल. चालेल?" सगुणानं मान हलवली.

बातमी तिच्याआधी जयगडला पोचली. भेटीला येणाऱ्यांच्या तोंडी काहीच राहत नाही. बुधवारी संध्याकाळी रघू आला. दारात चपला न काढता उभा राहिला. चांगला डोळा तिच्यावर, दुसरा कुठेच नाही.

"खाल्लंस?"

"चाखलं. सवयीनं गेला हात."

"सवयीनं." तो ओटीवर बसला. "वाडीत काय चाललंय माहीत हाय? बाबल्याची आय देवळात जाऊन बसलीय. नारळ उचला म्हणते. रघूची बहीण आधी नमली म्हणते. मी दोन वर्षं एका डोळ्यानं फिरतोय, आता मी शब्द काढायचा नाय. तू तळहातावर घेऊन चाखलंस म्हणून."

"मी काय मुद्दाम केलं?"

"तू मुद्दाम काय केलंस ते सांगू? त्याचं रक्त वाढवलंस. मी फाटकाशी आलो तेव्हा त्याचं जेवण तुटलं होतं. तुटलेलं राहू द्यायचं होतंस. मरत नव्हता तो. सुकत होता. सुकू द्यायचा होता."

"माझं काम गेलं असतं."

"हां," रघू म्हणाला. "तेच."

ती उठली, आत जाऊन तांब्या आणि फुलपात्र घेऊन आली. भाऊ उन्हातून आला होता, त्याचा गळा कोरडा होता, हे तिला त्याच्या आवाजावरून कळत होतं. तिनं पाणी त्याच्यापुढे ठेवलं. रघूनं त्याकडे बघितलं नाही. मग तो म्हणाला, "काल देवळात बसलो. दुसरा नारळ ठेवला. तू आमच्या घरची नाहीस, असं सगळ्यांसमोर बोललो. मग तू कोणाच्या हातचं काय खाल्लंस ते आमच्यावर येत नाय."

"रघू."

"आता येऊ नकोस. आई आजारी पडली तरी येऊ नकोस. तुला पाणी देणार नाय कोणी, तुझं घेणार नाय."

तो गेला. भरलेलं फुलपात्र ओटीवर राहिलं. सगुणानं ते उचलून जास्वंदीच्या मुळाशी ओतलं, कारण पाणी फुकट घालवणं तिला कधी जमलं नाही. रात्री नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघ, जाईल निवळून," आणि पाळीवर गेला. निवळणार नाही हे तिला माहीत होतं. त्यांच्या वाडीत असं काही निवळत नाही.

सकाळी ती वेळेवर तुरुंगात गेली. बाबल्या चुलीपाशी होता. राजाभाऊ अजून आले नव्हते. तो तिच्याकडे सरळ बघून बोलला, "आक्का. नारळ कधी उचलतायत?"

रघू तिला जी हाक मारायचा तीच. तिनं ती ऐकून घेतली.

"उचलत नाहीत."

"तू खाल्लंस. सगळ्यांनी बघितलं."

"मी खाल्लं. त्या घरानं नाय. त्या घरचं पाणी परवापासून मला बंद झालं. मी त्यांची कोण नाय."

बाबल्याला हे समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसला, सुजलेल्या हिरड्या दिसेपर्यंत. "म्हणजे तू फुकट नमलीस."

"हो."

"नि रघ्याचं वैर तसंच."

"तसंच. तू सुटलास की जेटीवर उभा असेल तो. एका डोळ्यानं बघत."

त्यानं डाळीत डाव फिरवला. "नि तू? तुझं काय माझ्याशी?"

सगुणानं विचार केला. "तू माझ्या भावाचा डोळा फोडलास. तुझ्यापायी माझं माहेर गेलं. माझं तुझ्याशी जे होतं ते वाढलं. पण मी कोणत्याच घरची नाय आता. तू माझ्या हातची आंबील प्यायलास तर वाडीला त्याचा काय फरक पडत नाय. ती सकाळची आंबील तू अजून पीत नाहीस. पी."

"मला पडतो फरक," बाबल्या म्हणाला.

"मग मर."

"मरत नाय. सातावरून आठावर आलंय, त्या पोरीनं सांगितलं."

त्यानं मिठाच्या डब्यात हात घातला आणि डाळीत टाकलं. सगुणा आता पायरीवर थांबली नाही. टोपापाशी गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "जास्त झालं. पाणी घाल, पाला वाढव, उकळी येऊ दे. रांग लागायच्या आत."